अवघड जागेचं दुखणं

आम्ही डिलाईल रोडच्या बायका. रस्त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग असं नाव आहे. कामगारांसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव आहे, चांगलंच आहे, पण आमच्या तोंडात डिलाईल रोडच बसलंय. आज आम्हाला पुरुषांच्या एका दुखण्याविषयी बोलायचंय. घरात कोणी पुरुषमाणूस असेल तर रेडिओ बंद करू नका, उलट आवाज थोडा मोठा करा.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपण ती बहुतेक बायकांच्या दुखण्याविषयी वापरतो. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं, पण सांगायचं कुणाला? आता शिबिरं झाली, आशाताई घरी येऊ लागल्या, बचत गटात बोलणं होऊ लागलं, तशी आपली तोंडं उघडली. पुरुषांची मात्र अजून बंदच आहेत. त्यांचीही एक अवघड जागा असते आणि तिथलं दुखणं ते वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

आमच्याकडे हे कसं लक्षात आलं ते आधी सांगतो. आमच्यातल्या बऱ्याच जणींचा संसार बीडीडी चाळीत झाला. एका चाळीत ऐंशी खोल्या, एका मजल्यावर वीस, मधून बोळ आणि खोली १६० चौरस फुटांची. संडास-मोरी सगळ्यांची मिळून, मजल्यावरच. आता त्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, घरात संडास येतोय, त्याचा आनंदच आहे. पण जुन्या चाळीत एक गोष्ट होती. रात्री कोण किती वेळा उठतं ते साऱ्या मजल्याला ठाऊक असायचं. कडी वाजायची, चपला घासत जायच्या, बोळातला दिवा लागायचा. साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या कड्या रात्रीतून तीन-तीन, चार-चार वेळा वाजायच्या. आम्ही झोपेतच म्हणायचो, काका उठले वाटतं. त्यापलीकडे आम्ही कधी विचार केला नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगतो. नाव सांगत नाही. त्यांचे मालक गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो लांबत गेला, आणि इथल्या हजारो घरांसारखं त्यांचंही घर दोन ठिकाणी झालं. काका घाटावर गावी शेती बघायला गेले. काकू मुलांच्या शाळेसाठी इथं राहिल्या आणि खानावळीचे डबे करून त्यांनी घर चालवलं. पुढं मुलं मोठी झाली, पण दोघांची राहण्याची सवय तशीच राहिली. काका सणाला यायचे, काकू सुगीला जायच्या.

तीन वर्षांपूर्वी काका गणपतीला आले. पहिल्याच रात्री काकूंच्या लक्षात आलं की ते पाच वेळा उठले. सकाळी विचारलं तर म्हणाले, वय झालं, पाणी जास्त प्यायलो. काकूंना वाटलं, साखर असेल. गौरी-गणपती गेले, काका गावी परतले. दिवाळीपासून त्यांची कंबर दुखू लागली. शेतातला माणूस, कंबर दुखायचीच. गावातल्या एका डॉक्टरकडे इंजेक्शन घ्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. असे पाच महिने गेले. होळीच्या सुमारास एका सकाळी ते उठायला गेले आणि पायांत जीवच नव्हता. मुलानं रातोरात जीप करून मुंबईला आणलं. तपासणीत कळलं, प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर, मणक्यापर्यंत गेलेला आणि मज्जारज्जू दाबणारा. रक्तातला जो आकडा साधारण चारच्या आत असायला हवा, तो सातशेच्या वर होता.

काका आहेत. काठी घेऊन चालतात. त्यांची गोष्ट पुढं सांगू. आधी ही ग्रंथी काय आहे ते समजून घेऊ.

प्रोस्टेट ग्रंथी फक्त पुरुषांना असते. अक्रोडाएवढी. मूत्राशयाच्या म्हणजे लघवीच्या पिशवीच्या खाली, गुदाशयाच्या पुढं ती असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. बांगडीतून हात जावा तशी. वीर्यातला पातळ भाग बनवायचं तिचं काम. मुलं होण्याच्या वयात ती गुपचूप काम करते. पन्नाशीनंतर ती बहुतेक पुरुषांत हळूहळू वाढते, आणि बांगडी आतून जाड झाली की मनगट आवळतं, तशी लघवीची नळी आवळली जाते. मग धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, थांबून थांबून होते, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं आणि रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागतं.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. हे आम्ही मुद्दाम सावकाश सांगतोय, कारण हे भाषण ऐकून उद्या कोणी आपल्या नवऱ्याला कॅन्सर झाला म्हणून रडायला बसू नये. रात्री उठणाऱ्या शंभर पुरुषांतल्या बहुतेकांना ही साधी वाढ असते, नाहीतर साखर, नाहीतर लघवीचा जंतुसंसर्ग. साध्या वाढीला गोळ्या आहेत, गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. दहा-दहा वर्षं झोपमोड सोसण्याची गरज नाही.

आता यातली गोम ऐका. साधी वाढ होते ती ग्रंथीच्या आतल्या भागात, नळीच्या लगत. म्हणून तिचा त्रास लवकर जाणवतो. कॅन्सर बहुतेक वेळा सुरू होतो तो ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात. तिथं तो वाढत असताना नळीला धक्काही लागत नाही. म्हणजे लघवीचा त्रास असलेल्या पुरुषाला कॅन्सर असेलच असं नाही, आणि ज्याला काहीच त्रास नाही त्याला तो नसेलच असंही नाही. जेव्हा त्रास होतो तेव्हा पुष्कळदा तो हाडांत पोचलेला असतो, आणि कंबरेचं, मांडीचं, बरगडीचं दुखणं म्हणून समोर येतो. काकांचं तेच झालं. त्यांचं रात्रीचं उठणं साध्या वाढीचंही असेल, कुणी सांगावं. पण त्या उठण्यासाठी ते गणपतीतच डॉक्टरकडे गेले असते, तर पुढचं सगळं तेव्हाच दिसलं असतं.

डॉक्टर काय करतात? दोन गोष्टी. एक, हातमोजा घालून गुदद्वारातून बोटानं ग्रंथी चाचपून बघतात. ती मऊ आहे की कडक, गाठ लागते का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. पुरुष याला फार लाजतात. आमच्या मंडळात हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, बाळंतपणात आमच्या किती तपासण्या झाल्या, तेव्हा आमची लाज कुणी विचारली होती? सगळ्या हसल्या. तरी लाज ही लाजच असते. पुरुष डॉक्टर बघून जावं, बायकोनं सोबत जावं पण आत जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्यावं.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्ताची तपासणी. तिला पीएसए म्हणतात. प्रोस्टेट ग्रंथी एक द्रव्य तयार करते, त्यातलं थोडं रक्तात उतरतं. एक मिलीलिटर रक्तात ते चार नॅनोग्रॅमपेक्षा जास्त निघालं तर डॉक्टर पुढं बघायचं ठरवतात. पण चार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. साध्या वाढीनं आकडा वाढतो, लघवीत जंतू झाले की वाढतो, नळी घातली असेल तर वाढतो, दोन दिवसांत शरीरसंबंध आला असेल किंवा लांबवर सायकल चालवली असेल तरी थोडा वाढू शकतो. उलट, ग्रंथीची वाढ कमी करण्यासाठी काही गोळ्या देतात, त्यातल्या फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या गोळ्यांनी आकडा साधारण निम्मा होतो. माणूस गोळी घेत असेल आणि रिपोर्टात तीन आला, तर तो तीन नव्हे. म्हणून रक्त द्यायला जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यायचीच. आकडा वाढलेला आला तर आधी जंतुसंसर्ग बरा करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, मग गरजेप्रमाणे एमआरआय, आणि मग ग्रंथीचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सर आहे की नाही हे त्या तुकड्यांवरूनच ठरतं, नुसत्या रक्तावरून नाही. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर कोणी 'कॅन्सर आहे, उद्याच ऑपरेशन' म्हणाला, तर रिपोर्ट उचलायचा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा.

तुम्ही विचाराल, एवढी सोपी रक्ततपासणी आहे तर मग सरकार सगळ्या पुरुषांची का करत नाही? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता, आणि उत्तर ऐकून थोडं आश्चर्य वाटलं. युरोपात सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना पीएसएच्या तपासणीला बोलावलं, निम्म्यांना नाही, आणि २३ वर्षं लक्ष ठेवलं. बोलावलेल्या गटात या कॅन्सरनं झालेले मृत्यू १३ टक्क्यांनी कमी निघाले. फायदा आहे, पण हिशोब असा बसला की ४५६ पुरुषांना बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला, आणि त्यासाठी बारा जास्तीच्या पुरुषांना कॅन्सर असल्याचं सांगावं लागलं. त्यातल्या कित्येकांचा कॅन्सर इतका संथ होता की त्यानं त्यांना आयुष्यभर काही केलं नसतं. पण एकदा कॅन्सर हा शब्द कानावर पडला की माणूस ऑपरेशन मागतो. आणि या ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, शरीरसंबंध थांबू शकतो. दुखणं नव्हतं तिथं दुखणं उभं राहिलं.

ब्रिटनमध्ये तर त्याहून डोळे उघडणारा अभ्यास झाला. ज्यांचा कॅन्सर ग्रंथीतच होता, बाहेर पसरला नव्हता, अशा १,६४३ पुरुषांचे तीन गट केले. एका गटाचं ऑपरेशन, एकाला किरणांची शेक, एकावर नुसतं नियमित लक्ष, वाढला तरच उपचार. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरनं गेलेली माणसं शंभरात तीनच्या आसपास. तिन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणून आता संथ कॅन्सर असेल तर डॉक्टर 'लक्ष ठेवू' म्हणतात. आपल्याकडे असं म्हटलं की घरची मंडळी चिडतात, डॉक्टर काही करतच नाही म्हणतात. तसं नसतं. ठरल्या दिवशी रक्त, ठरल्या वेळी पुन्हा तपासणी, हेच तिथं उपचार असतात आणि ते चुकवायचे नसतात.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. ज्या पुरुषाला काही त्रास आहे त्यानं डॉक्टरकडे जायचंच, यात वाद नाही. ज्याला काही त्रास नाही, त्यानं पन्नाशीनंतर डॉक्टरशी बोलून, फायदा-तोटा समजून पीएसए करायची की नाही ते ठरवायचं. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल तर ही बोलणी ४५ पासून करायची. सत्तरीनंतर त्रास नसताना ही तपासणी करायचा सल्ला सहसा देत नाहीत. आमचं स्वतःचं मत विचाराल तर, ज्याच्या घरात कोणाला झालेला आहे त्यानं टाळू नये. बाकीच्यांनी फुकटच्या शिबिरात रांगेत उभं राहून रक्त देण्याआधी, वाढलेलं निघालं तर पुढं दाखवायचं कुठं, हे शिबिरवाल्यांना विचारावं.

घरात कोणाला झालेला आहे हे म्हणताना आपण फक्त पुरुष मोजतो. इथं बायकाही मोजायच्या असतात, आणि हे आम्हाला फार उशिरा कळलं. आई, बहीण, मावशी यांना कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर त्या घरात बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष असू शकतो. तोच दोष पुरुषात आला तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आणि तो दोष बापाकडूनही मुलीकडे जातो. म्हणून आपल्यापैकी कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर भावाला सांगा. राखी बांधताना सांगा, कधीही सांगा, पण सांगा. आणि स्वतःच्या डॉक्टरला माहेर-सासर दोन्हीकडचं विचारलं नाही तरी सांगा. स्वतःच्या रक्ताचं म्हणजे माहेरचं तुमच्यासाठी, सासरचं तुमच्या मुलांसाठी.

मुंबईत बायकांच्या तपासणीचं मोठं काम झालेलं आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल आमच्या इथून पायी अर्ध्या-पाऊण तासावर. करी रोडचा पूल ओलांडून लालबाग, तिथून परळ. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. त्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. फार शिकलेल्या नव्हे, पण नीट तयार केलेल्या आरोग्यसेविका हातानं स्तन तपासायच्या. वीस वर्षांनी दिसलं की पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. बार्शीलाही १९८७ पासून खेडोपाडी कॅन्सरच्या नोंदी ठेवतात, गावातल्या नोंदी ठेवणारी देशातली ती पहिली जागा. मुंबई-पुण्याच्या नोंदींत प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषांच्या पहिल्या काही कॅन्सरांत दिसतो, बार्शीकडे त्याचं प्रमाण पुष्कळ कमी दिसतं. शहरात माणसं जास्त जगतात, तपासण्या जास्त होतात, खाणंपिणं वेगळं, अशी कारणं त्यात असतात. पण कंबरदुखीची इंजेक्शनं घेत घेत गेलेल्या म्हाताऱ्याची नोंद कॅन्सरमध्ये होत नाही, हेही आम्ही आमच्या गावांत बघितलंय.

पुरुषांसाठी सरकारी तपासणी आहे का? आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची उपकेंद्रावर रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी व्हायला हवी, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाचीही. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात तो त्याचाच. २०२२ च्या नवरात्रात आपल्या राज्यात बायकांसाठी 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम झाली, आणि पुढच्या वर्षी पुरुषांसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' ही. बायकांची मोहीम तुम्हाला आठवत असेल. पुरुषांची किती जणींना आठवते? आशाताई येते तेव्हा पुरुष शेतावर, नाक्यावर किंवा कामावर. फॉर्ममध्ये त्यांची माहिती आपणच सांगतो, आणि 'यांना काही त्रास नाही' हे वाक्यही आपणच म्हणतो.

त्यात तोंडाची तपासणी सगळ्यात आधी. आपल्या देशात पुरुषांना तोंडाचा कॅन्सर प्रोस्टेटपेक्षा किती तरी जास्त होतो, आणि तोही तरुणपणी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, ती कशी आहे ते तुम्हाला टपरीवर दिसतंच. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली, तेव्हा तंबाखू आणि दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पुरतं न उघडणं. हे बघायला उजेड आणि स्वच्छ बोट पुरतं. मिश्री लावणाऱ्या आपणही त्यात आलो बरं का.

आता काकांच्या उपचाराकडे येऊ, कारण पसरलेल्या कॅन्सरविषयी आपल्याकडे एकच समजूत असते, आता काही राहिलं नाही. या कॅन्सरचं तसं नाही. पुरुषाच्या वृषणात, म्हणजे अंडकोषातल्या गोळ्यांत, जो पुरुषी रस तयार होतो त्यावर हा कॅन्सर पोसतो. तो रस बंद केला की कॅन्सरची उपासमार होते. चार्ल्स हगिन्स नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे १९४१ साली दाखवून दिलं, टाटा हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी, आणि पुढं १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तो रस बंद करायला काही महिन्यांनी घ्यायची महागडी इंजेक्शनं आहेत, नाहीतर दोन्ही वृषणं काढून टाकायची लहानशी शस्त्रक्रिया आहे. ती एकदाच करायची आणि पुष्कळ स्वस्त पडते. काकांना डॉक्टरांनी दोन्ही समजावून सांगितलं. काका म्हणाले, मला बैलासारखं खच्ची करणार का? आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस जेवले नाहीत. त्या दोन दिवसांत काकू त्यांच्याशी काय बोलल्या ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी सही केली. मणक्याला किरणांची शेक दिली. पायांत हळूहळू बळ आलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गावी राहिला असता तर पाय परत आले नसते.

नंतर एक गंमत झाली. काकांना अंगातून वाफा येऊ लागल्या. भर थंडीत घाम, पंखा लावा, पंखा बंद करा. काकूंनी लगेच ओळखलं. पाळी जाताना आपल्याला होतं तेच. पुरुषी रस बंद झाला की पुरुषालाही तसंच होतं, शिवाय हाडं ठिसूळ होतात, चिडचिड होते, उगीच रडू येतं. काकू म्हणाल्या, मला झालं तेव्हा हे म्हणायचे, तुझी नाटकं. आता काका स्वतःच म्हणतात की तेव्हा कळलं नाही. हाडांसाठी डॉक्टर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व देतात आणि चालायला सांगतात. ते चुकवू नये.

हे सगळं मंडळात बोललो तेव्हा आमच्यातली एक जण तडकली. म्हणाली, पोरांची लस आपण बघायची, सासूची साखर आपण बघायची, आता नवऱ्याची लघवीही आपणच मोजायची का? त्यांना तोंड नाही? तिचं खरं आहे. आम्ही तिला उत्तर देऊ शकलो नाही. एवढंच ठरवलं की बायकोनं विचारायचं ते एकदा. पुढं भाऊ, मोठा मुलगा, जावई, भजनी मंडळातले मित्र यांच्यावर टाकायचं. पुरुष पुरुषाचं ऐकतो. आमच्या इथं एका मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आरतीनंतर मंडपातच हा विषय काढला. पहिल्या दिवशी नुसती चेष्टा झाली, आणि दुसऱ्या दिवशी तीन जण बाजूला येऊन विचारून गेले.

वाट बघायचीच नाही अशा गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. लघवी पूर्ण तुंबली आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर त्याच तासाला दवाखाना, नळी घालून मोकळं करतात. लघवीतून रक्त, एकदाच दिसलं आणि थांबलं तरी दाखवायचं. कंबरेचं किंवा पाठीचं दुखणं रात्री झोपल्यावर वाढतं, चार-सहा आठवडे हटत नाही, तर इंजेक्शनवर भागवू नका. आणि पाठदुखी असताना पाय लटपटायला लागले, बधिर झाले किंवा संडास-लघवीवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न बघता मोठ्या इस्पितळात न्यायचं.

खर्चाचं एक. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पैसे भरायच्या आधी तिथं जायचं. रेशनकार्ड, आधार आणि जुने सगळे कागद सोबत हवेत. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आजच बघून ठेवा. माणूस खाटेवर असताना आडनावाचा काना-मात्रा दुरुस्त करायला धावावं लागतं, ते आम्ही बघितलंय. मुंबईला यावं लागलं तर राहायचं कुठं हा प्रश्न असतो. परळच्या फूटपाथवर पथारी टाकलेली आपली माणसं आम्ही रोज बघतो. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, रुग्ण आणि सोबतचा माणूस यांची तिथं सोय होते. इस्पितळातल्या समाजसेवा विभागात विचारलं तर तिथले लोक चिठ्ठी देतात, आणखी जागाही सांगतात.

डॉक्टरकडे जाण्याआधी एक करा. काकूंच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, दुधाचा हिशोब लिहायचं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, रात्री किती वेळा उठता? आणि पुरुष हमखास सांगतो, एखाद वेळा. म्हणून आधी तीन रात्री मोजून तारखेच्या चौकटीत आकडा लिहायचा, आणि कॅलेंडरचं ते पान सोबत न्यायचं. काकूंच्या कॅलेंडरवर आता दुधाच्या रेघांच्या बाजूला दर तीन महिन्यांनी लाल पेनानं पीएसए असं लिहिलेलं असतं आणि खाली आलेला आकडा. सातशेवरून तो एकाच्या खाली आला होता, मागच्या वेळी थोडा वर सरकला. पुढची तारीख नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची आहे. काका गावी जायचं म्हणत होते, काकूंनी तिकीट त्यानंतरचं काढलंय.